सोजरची बोळवण

हिंगणवाडीत माणूस म्हणून कुणी वाईट नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्या गावाला शिव्या घालाल. माणदेशातलं गाव. पाऊस आला तर आला, नाहीतर आभाळाकडं बघून मान मोडायची. घरटी एक गडी मुंबईला गिरणीत, नाहीतर पलटणीत. मागं राहिलेली माणसं बाजरी, मटकी आणि चार शेरडं यांच्यावर दिवस ढकलायची. स्वतःच्याच ताटात कोरभर भाकरी असलेल्या या गावात, गांधीबाबा गेले त्या सालच्या चैतात, निजामाच्या मुलखातनं एक बिऱ्हाड येऊन पडलं.

बिऱ्हाड कसलं? एक म्हातारी, तिचा ल्योक लिंबा, सून सोजर आणि सोजरच्या काखेला वाळून काटकी झालेली पोर. रझाकारांनी त्यांचं गाव लुटलं होतं. लिंबाच्या धाकट्या भावाला खळ्यातच मारलं, घराला काडी लावली आणि लिंबाचं उजवं मनगट बंदुकीच्या दस्त्यानं ठेचलं. ते वाकडंच बसलं होतं, मूठ मिटत नव्हती. चालत चालत, वाटेत कुणी दिलं ते खात, ती माणसं भैरोबाच्या देवळाच्या ओसरीवर आली आणि तिथंच लवंडली. पुढं जायला पोरीच्या अंगात जीव नव्हता आणि सोजरच्या पायांत.

पहिली धावली ती देवळाशेजारच्या केरबाची बायको बयाबाई. तांब्याभर पाणी, दोन भाकरी आणि खर्डा घेऊन आली. पोरीच्या कपाळाला हात लावला आणि ओरडलीच, "आगं बया! तापानं फनफनलीया की गं पोर. आन् तू आशी मख्खासारखी काय बसलीयास?"

"कामून उठू? उठून कुठं जाऊ?" सोजर म्हणाली.

'का'ला तिचं ते 'कामून' ऐकून देवळापुढच्या पोरी फिदीफिदी हसल्या. बयाबाईनं त्यांना चांगल्या शिव्या हासडल्या आणि पोरीला उचलून सरळ आपल्या घरी नेलं. तिथनं सुरू झालं. कुणी फाटकं पटकूर दिलं, कुणी गाडगं, कुणी शेरभर जोंधळं. केरबानं आपली जुनी टोपी लिंबाच्या डोक्यावर घातली. तालमीमागच्या पडक्या खोपटावर गावानं पाचट घालून दिलं. आणि गावचे मोठे मानकरी लालासाहेब, सगळे त्यांना आबा म्हणत, चावडीत सगळ्यांदेखत म्हणाले, "माजं वगळीकडचं, घळीच्या काठचं रान पडून हाय. हरळीनं खाल्लंय त्येला. कसा आन् खावा. वाटा नगं का काय नगं. आपल्या दाराला आल्याली मानसं हायती."

चावडीत सगळ्यांनी माना डोलावल्या. लिंबा आबांच्या पायावर पडला. आबांचे डोळे पाणावले. खोटं नव्हतं त्यात काही.

आता हरळी म्हणजे काय, हे ज्यानं कमरेत वाकून उपटली त्यालाच ठाऊक. वरनं कापली की खालनं फुटती. तिच्या काशा, म्हणजे मुळ्या, कोपर-कोपर खोल जातात आणि बोटाएवढा तुकडा मातीत राहिला तरी महिन्याभरात वाफाभर गवत. लिंबाजवळ बैल नाही, नांगर नाही, धड हात नाही. तो नुसता बांधावर बसून त्या रानाकडं बघत बसायचा.

केरबालाच ते बघवेना. तो म्हणाला, "गड्या, इर्जिक घालू या."

माणदेशात इर्जिक ठाऊक नाही असा कुणबी नाही. ज्याचं रान एकट्याला उरकत नाही त्याच्या रानात सगळ्या गावानं आपापली औतं घेऊन जायचं, एका दिवसात नांगरून टाकायचं. मोबदला काही घ्यायचा नाही. एकच रीत, ज्याचं रान त्यानं दिवस मावळायला सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि तेही मटणाचं. आता हे सोजरनं कुठनं घालायचं? तिच्या गाडग्यात मूठभर कण्या होत्या. तर आदल्या दिवशी गावातल्या बायका एकेक करून आल्या, पदराखाली पिठाची शिप्तरं, छोट्या टोपल्या, झाकून. कुणी बोललं नाही की आम्ही पीठ दिलं. चूल सोजरच्या दाराला पेटली आणि जेवण सोजरच्या घरचं ठरलं. मोहिद्दीन मुलाणी आपल्या शेरडांच्या खांडातलं एक बोकड हाकत घेऊन आला. गावात कुणाच्याही घरी बकरं कापायचं तर त्याच्याच हातनं, ही रीत वाडवडलांपासनं.

मोहिद्दीनची पांढरी दाढी आणि कमरेची सुरी बघितली आणि सोजरच्या हातातली परातच पडली. ती खोपटामागं पळाली आणि निवडुंगाजवळ बसून भडाभडा ओकली. मोहिद्दीन जागच्या जागी थांबला. तिला कोण आठवलं ते त्याला कळलं. बयाबाईला म्हणाला, "मी वड्याकडंला न्हेतो. तिला सांगा, म्हातारं गेलं." आणि खाली मान घालून बोकड ओढत निघून गेला. आपल्या वाट्याचं मटणही त्यानं त्या दिवशी नेलं नाही.

पण इर्जिक झाली, काय सांगावं! गावातली निम्मी औतं वगळीकडं उतरली. बैलांच्या गळ्यात घुंगरं, पोरांचा कालवा, हलगीवाला बांधावर हलगी कडकडवतोय. लोखंडी नांगरामागं ढेकळं उलटत होती ढोपराएवढी. लिंबा डाव्या हातानं पाण्याची घागर घेऊन प्रत्येक औतामागं पळत होता, हसत होता. संध्याकाळी पंगत बसली. गडी बोटं चाटत म्हणाले, "वैनी, रस्सा लय झ्याक झालाय." सोजर वाढत होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्या हातचं खाऊन तिला चांगलं म्हणत होतं. ती म्हणाली, "धूर लई झालाय," आणि डोळे पुसले.

पुढं मात्र बैलांचं काम संपलं आणि सोजरचं सुरू झालं. सगळा वैशाख आणि जेठ तिनं त्या ढेकळांत काढला. ढेकूळ फोडायचं, काशा वेचायच्या, पाटीत भरायच्या, बांधावर नेऊन वाळवायच्या, जाळायच्या. नखं मुळापासनं उचकटली. गुडघ्यांना घट्टे पडले. भर उन्हात पोरगी बोराटीच्या सावलीला फडक्यावर आणि ही कमरेत मोडलेली. म्हातारी सासू शेजारी बसून पदरात काशा गोळा करायची आणि बडबडायची, "माज्या घरापुढची काळी, हिच्यापरास भारी हुती." सोजर पुढचं ढेकूळ फोडायची. तिच्या डोक्यात एकच होतं, हे रान साफ झालं की आपलं झालं. कागदानं नाही, पण कष्टानं तर झालंच. एवढं केल्यावर कोण उठवतंय आपल्याला?

गाव बघायला यायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "बाईनं रानाचं लोनी केलं." एकदा आबा स्वतः आले. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. म्हणाले, "पोरी, माज्या बाच्या टायमापासनं हे रान आसं बघितलं न्हवतं."

त्या दिवशी सोजरनं उड्या मारायच्याच बाकी होत्या. घरी येऊन सासूला तीन-तीनदा सांगितलं, आबा काय म्हणाले ते. खुळी! मालकानं माती कशी चुरून बघितली, तेवढं तिनं बघितलं नाही.

बाजरी अशी आली की आत शिरलेला माणूस दिसेना. कणसं हातभर. सोजर सकाळी उठली की आधी बांधावर जायची आणि मग चूल पेटवायची. पोरीच्या गालावर मांस दिसायला लागलं. लिंबा डाव्या हातानं विळा धरायला शिकला. आणि भादव्यात बातमी आली. दहिवडीच्या बाजारातनं आलेल्या माणसानं वेशीतनंच आरोळी ठोकली, "निजाम शरन आला रं! आपल्या फौजा घुसल्या!"

गावात गुलाल उधळला. लेझीम निघाली. आबांनी गुळाची ढेप फोडली. बयाबाई पळत येऊन सोजरच्या गळ्यात पडली, "सोजर, तुजा मुलूख मोकळा झाला गं बाई!" म्हातारीनं जमिनीला डोकं टेकवून देवाला हात जोडले. सोजर पण नाचली, सगळ्यांबरोबर. दिराला मारणारी माणसं हरली होती, का नाचू नये?

चार-आठ दिवसांत दुसरी एक गोष्ट झाली. आबांचा धाकटा ल्योक, मानसिंग, पलटणीतनं नाव कापून घरी आला. उंचापुरा गडी, पायांत बूट. जर्मनची लढाई कधीच संपली होती, सरकारला आता तेवढी माणसं नको होती. सोजर कणसं खुडत होती तर हा बांधावर उभा. बुटाच्या टाचेनं माती उकरली, खाली बघितलं, इकडनं तिकडं रान न्याहाळलं. सोजरला 'राम राम' सुद्धा घातला. मुजोरी नव्हती त्याच्यात. पण तो गेल्यावर सोजरनं त्यानं उकरलेली माती पायानं सारखी केली.

दुसऱ्या दिवशी आबांनी लिंबाला बोलावलं. "लिंबा, मी काय जा म्हनत न्हाई. पर आपलं घर त्ये आपलं घर. येकदा बघून तर ये. आता भ्या कशाचं?" वाटेला शिदोरी दिली, स्वतःचं धोतर दिलं. लिंबा गेला.

तो गेल्यावर बाजरी सोजरनंच काढली. केरबाच्या घरची माणसं मदतीला आली, शेजारणी आल्या. खळं केलं, सारवलं. सोजर काम करायची आणि वाटेकडं बघायची. घर असलं तर चांगलंच की! असं ती स्वतःला सांगायची. पण तिनं ते घर पेटलेलं डोळ्यांनी बघितलं होतं. आढं पडताना काय आवाज झाला, तो अजून तिच्या कानात होता.

दसऱ्याच्या तोंडावर लिंबा परत आला. तिन्हीसांजेची वेळ, देवळापुढं सगळी माणसं बसलेली. सोजरला कुणीतरी सांगितलं म्हणून ती खळ्यावरनं धापा टाकत आली, पण तिच्याआधी गावानं त्याला घेरलं होतं. म्हातारी काठी टेकत पुढं झाली. जो तो विचारायला लागला.

"काय रं लिंबा, बघितलास का मुलूख?"

"घर हाय का जाग्याव?"

"आरं बोल की मर्दा!"

लिंबानं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोक्यावर केरबाची टोपी, अंगावर आबांचं धोतर, पोटात सहा महिने दुसऱ्यांचं अन्न. त्यानं ओठांवरनं जीभ फिरवली.

"हाय," तो म्हणाला.

"समदं हाय?"

"हाय की. भिताडं हायती. वरलं छप्पर तेवढं घालाया लागतंय. रान बी पडून हाय... वाट बघतंय. गावची मानसं म्हनली, कवा येतूस?"

"माजं जातं रं?" म्हातारीनं विचारलं.

"हाय आई. जातं हाय."

"आरं भले शाब्बास!" आबांनी उठून त्याला मिठी मारली. सगळ्या गावानं सुस्कारा टाकला. बायकांनी म्हातारीच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हातारी ढसाढसा रडत होती, आणि आनंदानं रडत होती हे सगळ्यांना दिसत होतं. सोजर गर्दीच्या मागं उभी होती. लिंबानं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही.

सकाळी खळ्यावर दोघंच होती. पलीकडं, त्याच रानात, मानसिंगनं कुळव जुंपला होता. परतीचा पाऊस बरा झाला होता, शाळू पेरायला एक दिवस दवडून चालत नव्हता. बाजरीची धसकटं भराभरा निघत होती.

"आवं, खरं सांगा," सोजर म्हणाली. "आपल्या दाराची चौकट हाय का?"

लिंबा डाव्या हातानं कणसं बडवत राहिला.

"इचारतीया मी."

"चौकट कुटली? भिताडाची माती सुदीक लोकांनी उचलून न्हेली. उकिरडा झालाय तितं."

"आन् रान?"

"रान काय आपलं हुतं का? देशमुखाचं. त्येनं दुसरं कूळ घातलंय." लिंबानं दांडकं खाली ठेवलं. "आपलीच भावकी हाय. मी गेलो तर पानी इचारलं न्हाई. म्हनली, तुमी पळालासा, आमी हितं सोसलं. आता कोंच्या तोंडानं आलास?"

सोजर खाली बसली. पाखडायचं सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"मंग काल हाय हाय कामून म्हनलात?"

लिंबानं खळ्यातले दाणे डाव्या हातानं एका बाजूला सारले. मग हळूच म्हणाला, "समदी बघत हुती गं. पयल्या दिसापास्नं दे म्हनतोय मी. येकडाव वाटलं, आपलंबी कायतरी हाय म्हनावं."

"तुमच्या त्या येकडावापायी पोरीला कुटं निजवू मी?" सोजरनं सूप फेकून दिलं. "जावा. आताच्या आता जावा आन् आबांना खरं सांगा. पाया पडा."

"जीव गेला तरी न्हाई सांगायचा."

त्यानं दांडकं परत उचललं. तिला त्याची चीड आली आणि कीवही आली. दोन्ही एकदम आल्यावर माणसानं काय करावं? ती तशीच उठली आणि बयाबाईच्या घरी गेली.

बयाबाई दशम्या करत होती. वाटेला टिकाव्यात म्हणून दुधात पीठ भिजवलं होतं. शेजारी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलेली. सोजरला बघून हसली, "ये गं. दोन दिस पुरत्याल येवड्या करतीया."

"आक्का, आमचं घर न्हाई तितं." सोजरनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. "काय सुदीक न्हाई. ह्ये खोटं बोलले. लाजंपायी बोलले."

बयाबाईचा हात पिठात थांबला. ती वर बघेना. चुलीतलं लाकूड तिनं उगाच मागं-पुढं केलं.

"ठावं हाय आमाला," ती म्हणाली.

"काय?"

"ह्येंनी कालच वळखलं. घर सापडल्याला मानूस आसा बोलतो व्हय गं? त्येचं त्वांड बघितलं न्हाईस? आबांनी बी वळखलं आसंल. कुनाला ठावं."

"मंग कुनी बोललं कामून न्हाई?"

"काय बोलायचं? मानसिंग आलाय. आज न्हाईतर उद्या त्येनं रान मागितलंच आसतं. आमी औत घिऊन आलो तुज्या रानात, खरं हाय. पर आबांच्या म्होरं हुबं ऱ्हायाचं म्हंजी... आमच्या जनावराला पानी त्येंच्या हिरीचं हाय, सोजर. मग तुमाला हुटवलं आसतं आन् आमी माना खाली घालून बसलो आसतो. त्यापरास तुमीच आपल्या घरी निगालाय म्हनल्याव कुनाला काय बी वाटायचं न्हाई."

बोलता बोलता तिच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं. ते पुसायला हात पिठाचे. तशीच रडत ती दशमी थापत राहिली.

सोजर तिच्या पायाशी बसली. "आक्का, तुमच्या वसरीला पडून ऱ्हातो. शेन काढंन, धुनं धुईन. रान नगं आमाला. आत्याबाईला आन् पोरीला आडुसा द्या निस्ता."

"ऱ्हा म्हनले आसते गं..." बयाबाई एवढंच म्हणाली. तव्यावरची दशमी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी घातली.

परत येताना मोहिद्दीन दाराशी बसलेला दिसला. निजाम हरला त्या भादव्यापासनं तो चावडीवर बसायला येत नव्हता. कुणी त्याला ये म्हणत नव्हतं, जा तरी कुठं म्हणत होतं! त्यानं सोजरला हाक मारली आणि बायकोनं, मेहरुनबीनं, शिवलेली वाकळ पुढं केली.

"पोरीला व्हईल. हिवाळा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला बी कळलंय, बाई. मी बोललो आसतो. पर आता मी तुमच्या बाजूनं बोललो तर लोक म्हनत्याल, ह्यो कोन सांगनार निजामाच्या मुलखाचं? माज्या बोलन्यानं तुमचंच वंगाळ व्हायचं."

सोजरनं वाकळ घेतली. त्याच्या तोंडाकडं तिनं आज पहिल्यांदा नीट बघितलं. म्हातारं माणूस, तिच्या बापासारखं. "तुमी तरी बोलला," ती म्हणाली आणि पुढं झाली.

सासूला खरं सांगावं असं तिनं ठरवलं होतं. खोपटात गेली तर म्हातारी केसांना तेल लावून बसलेली. गेले कैक महिने अर्धी भाकरी टाकून उठणारी म्हातारी आज सबंध भाकरी खाऊन वर आणखी कोर मागत होती. "सोजर, ग्येल्याबरुबर पयलं पाथरवटाकडनं जातं टाकी लावून घ्यायाचं हां," ती म्हणाली. धाकटा ल्योक डोळ्यांदेखत गेला तेव्हापासनं ही बाई पहिल्यांदा हसत होती. सांगायचं कसं? सोजरनं भाकरी वाढली.

आणि मग बोळवण झाली. लेकीला सासरी धाडताना सुद्धा त्या गावात तशी झाली नसेल. आबांनी बाजरीत वाटा घेतला नाही, पोतं भरून सगळी गाडीत घातली. हेही सांगायलाच हवं. नवं इरकली लुगडं सोजरला, म्हातारीला साधं. पाच सवाष्णींनी ओटी भरली. हलगी पुढं, गाव मागं. गाडी केरबाची, बैलांना झुली घातलेल्या. शिवेवर बायका सोजरच्या गळ्यात पडून पडून रडल्या. खरंच रडल्या हो. आबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "ही आमच्या गावची लेक हाय. लग्नाला बलवा." मानसिंगनं लिंबाचा हात हातात घेऊन सलाम ठोकला. आणि म्हातारी गाडीत नवरीसारखी बसून सगळ्यांना सांगत होती, "या गं बायांनो येकडाव माज्या दाराला. पुरनाची पोळी घालीन." वगळीकडच्या रानावरनं गाडी गेली तेव्हा शाळूच्या ओळी ताज्या दिसत होत्या. सोजरनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. एकही काशी वर आलेली नव्हती.

म्हसवड मागं पडलं, महूद मागं पडलं. म्हातारी वाटभर केरबाला आपलं घर सांगत होती. दाराला लिंब, परड्यात शेवगा, उतरंडीला किती मडकी. केरबा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होता. लिंबा एकदाही गाडीत बसला नाही. बैलांना ओझं नको म्हणत तो सगळी वाट गाडीमागं, धुरळ्यात, चालत राहिला.

"आत्ती," केरबा एकदा म्हणाला, "तुमाला दारातच उतरवून जातो. येवडं आलोय तर."

म्हातारी हरखली. सोजरनं मागं बघितलं. लिंबा थांबला होता. धुरळ्यानं पांढरं झालेलं त्याचं तोंड बघवत नव्हतं. तो काही बोलणार नाही हे तिला कळलं. बोलायचं ते तिलाच बोलायला हवं होतं.

पुढं तिठा आला. एक रस्ता पंढरपूरकडं, एक अकलूजकडं. कडेला एक बाभळ आणि खालची सावली तेवढी. घर नाही, खोप नाही.

"दाजी, हितंच थांबवा," सोजर म्हणाली.

"हितं?"

"हितं आमची मानसं येनार हायती गाडी घिऊन. ह्येंनी सांगून ठिवलंय. तुमी कशाला बैलं दमवताय? घरला जावा."

केरबानं कासरा ओढला. तिच्या तोंडाकडं बघितलं. कोण माणसं, कुठली गाडी, कधी येणार, यातलं काही त्यानं विचारलं नाही. खाली उतरला, पोतं उतरवलं, गाडगी-मडकी उतरवली, म्हातारीला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. पोत्याचं तोंड सुटलेलं नव्हतं तरी सोडून परत बांधलं. मग टोपी काढून हातात धरली आणि बैलांकडं वळला. रिकामी गाडी घराकडं वळल्यावर बैल पळायलाच लागले. त्यानं त्यांना आवरलं नाही.

लिंबा रस्त्याच्या पलीकडं जाऊन पाठ करून बसला. सोजरनं बाभळीखाली वाकळ अंथरली, पोरीला निजवलं आणि दशम्यांचं फडकं सोडायला घेतलं.

"नगं सोडू आता," म्हातारी म्हणाली. तिनं लुगड्याची घडी नीट केली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. "घरीच खाऊ. गाडी येईल की येवड्यात."

सोजरनं फडकं परत बांधलं आणि सासूशेजारी बसून तीही रस्त्याकडं बघायला लागली.